‘जुळलं’ असं लिहिणाऱ्या गणपतला

गणपत,

तुला जाऊन सव्वा महिना झाला. लोक भेटतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि मी मान डोलावतो. डोलावून डोलावून मानेला रग लागली. आता एकदा बसून तुला सरळच सांगतो, मी तुझ्यावर चिडलेलो आहे. रडणं वगैरे नंतर बघू. आधी कामाचं.

तू मला दोन वर्षं खोटं लिहिलंस. दर महिन्याला एक कार्ड, म्हणजे चोवीस कार्डं. सगळी माझ्याकडे आहेत, तारखेनं लावून दोऱ्यात बांधलेली. प्रत्येकावर तुझ्या त्या उतरणीला लागलेल्या अक्षरात शेवटी एकच शब्द आहे, ‘जुळलं’.

काय जुळलं, गणपत? कशाशी जुळलं?

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपलं गाव माहीत असणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. तूही ऐक. तुला नेहमी अर्धंच आठवायचं.

आपलं गाव धरणात गेलं. एकशे बारा उंबरे होते. निम्म्याहून जास्त दौंडकडच्या वसाहतीत गेले, काही सारोळ्याला पुलाजवळ, दोन-चार घरं किकवीला. तू विंझरला सासुरवाडीच्या आधारानं दुकान घातलंस. मी भोरच्या शाळेत कारकून म्हणून आधीच बाहेर पडलो होतो. पाणी चढलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी तुझे चुलते वारले आणि खांदा द्यायला भावकीतली तिघंच आली. बाकीच्यांना कळलंच नाही. कळवणार कुठं? कोण कुठल्या माळावर राहतंय याचा पत्ता कुणाकडे नव्हता.

दहावा उरकून तू शाळेत माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिलास. डोकं तासलेलं होतं, टोपी हातात.

“रामा, गावाची यादी कर. कोन कुठं हाय त्याची.”

“कशाला?”

“कुनी गेलं तर सांगाया.”

मी टाक खाली ठेवला. तुला माहीत होतं मी का ठेवला ते. गावात माणूस मेलं की वाड्यावस्त्यांवर सांगावा घेऊन जाणं हे आमच्या घराचं काम होतं. पावसापाण्यात माझा बाप डोंगर चढून जायचा, अंगणाबाहेर उभा राहून ओरडून सांगायचा, कुणी वरून टाकलेली भाकरी घेऊन परत यायचा. आम्ही दीक्षा घेतली त्या दिवशी बापानं, आबांनी, सांगाव्याला न्यायची ती येसकराची काठी चुलीत घातली. मी तेव्हाच ठरवलं होतं, दुसऱ्याच्या मरणाचा सांगावा या घरातून पुन्हा जाणार नाही.

“सांगावा न्यायला माझंच घर सापडलं होय रे तुला?” मी म्हणालो. हेडमास्तरांनी दारातून डोकावून बघितलं, इतक्या मोठ्यानं म्हणालो.

तू लाजला नाहीस, रागावलाही नाहीस. टोपी टेबलावर ठेवलीस. “सांगावा न्हाई रं. वाटनी. तुमच्यात कुनी गेलं तर मी सांगनार. माझ्यात कुनी गेलं तर तू. वही दोघांकडं. आख्खी तुझ्याकडं आन् आख्खी माझ्याकडं.”

“दोन कशाला?”

“गाव एकच व्हतं म्हनून गेलं.”

या एका वाक्यावर मी हो म्हणालो. ते आज तुझ्या तोंडावर फेकतो आहे. दोन वह्यांची अक्कल तुझी होती. माझी नव्हती.

वह्या मी आखल्या. एका घराला एक पान आणि पानाचा क्रमांक दोन्हीकडे तोच. कर्त्याचं नाव, मुक्काम, पोस्ट, घरात माणसं किती. पण माणसं जन्मतात, मरतात, वसाहतीतून उठून कारखान्यावर जातात. तुला कळलेलं माझ्याकडे नसायचं, मला कळलेलं तुझ्याकडे नसायचं. सगळी वही दर महिन्याला उतरवून पाठवायची तर जन्म गेला असता. भोरहून विंझरला यायचं तर नसरापूरपर्यंत एक एसटी, तिथं दुसरीची वाट बघत बसायचं. म्हणून कार्ड. आणि कार्डावर जागा ती किती!

तेव्हा मी गठ्ठ्यांची पद्धत काढली. दहा पानांचा एक गठ्ठा, एकूण बारा. प्रत्येक पानाचा एक आकडा, गठ्ठ्यातल्या आकड्यांची बेरीज, म्हणजे सगळ्या गावाचे मिळून फक्त बारा आकडे. एक तारखेला मी माझे बारा पाठवणार, तू तुझ्याशी ताडून बघणार. अकरा जुळले आणि एक नाही जुळला, तर फक्त त्या गठ्ठ्याची दहा पानं बघायची. त्यातलं एखादंच पान चुकतं असणार, त्यातली एखादीच ओळ. तेवढी ओळ पाठवली की काम झालं. आधी गठ्ठा, मग पान, मग ओळ. माझ्या या पद्धतीचा मला गर्व होता. होता म्हणजे काय, आहे.

आणि तिच्यातलं भोक तूच दाखवलंस. पानाचा आकडा म्हणजे घरातली माणसं अधिक पत्ता किती वेळा बदलला ती संख्या, असं मी ठरवलं होतं. तू दुकानात बसून वहीवर बोट ठेवून म्हणालास, “आन् एक मानूस मेलं आन् त्येच घर दुसरीकडं गेलं तर? एक उना, एक अधिक. आकडा तोच. तुला वाटंल काय झालंच न्हाई.” सोना वहिनी तागडी टाकून हसायला लागल्या. मग पत्ता बदलला की एकाऐवजी दहा धरायचे, असं ठरलं. शाळेत मी अकरावीपर्यंत गेलो, तू पाचवीत सोडलीस. तरी भोक तुला दिसलं, हे मी कुणाला सांगत नव्हतो. आता सांगतो.

एका गोष्टीवर मात्र आपलं कधी जमलं नाही. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडायचा की नाही. तू फाडायचास. मी म्हणायचो, हा आडदांडपणा आहे. पोस्टमनच्या हातात फाटका कोपरा बघून माणसाच्या काळजाचं पाणी होतं, आत काय लिहिलंय ते कळायच्या आधीच. तू म्हणायचास, “ज्याला वाचता येत न्हाई त्यो वाचनारा हुडकत फिरनार सगळ्या वस्तीत. कोपरा त्याला म्हनतो, बाबा, आदी खाली बस.” मी न फाडता पाठवत राहिलो आणि तू फाडून. भांडण तसंच राहिलं.

आता चैत्रातली गोष्ट. वळवाच्या पावसात माझ्या घराचं एक कौल सरकलं आणि पाणी नेमकं फडताळावर आलं. माझी वही दोन भागांत बांधलेली होती. दुसऱ्या भागाची पहिली वीस पानं, सातवा आणि आठवा गठ्ठा, शाई फुटून निळीच्या फडक्यासारखी झाली. बायको हळहळली. मी नाही हळहळलो. मी तिला म्हणालो, “अगं, त्यासाठीच तर दुसरी वही आहे.” आणि तुला कार्ड टाकलं : ‘गठ्ठा सात व आठ भिजले. वीस पानं उतरवून पाठव.’

तुझं उत्तर आलं, ‘पाठवतो. पंधरा दिस दे. दुकानात गडबड.’

मी चिडलो. वीस पानं माणूस एका बैठकीत उतरवतो. दुसरं कार्ड टाकलं : ‘पंधरा दिवस कशाला? ताबडतोब पाठव. दिरंगाई नको.’

हे कार्ड तुझ्या सदऱ्याच्या खिशात सापडलं, गणपत. त्यावरच्या माझ्या पत्त्यावरून वसाहतीतल्या लोकांनी शाळेत तार केली. वैशाखातल्या दुपारी मी पगारपत्रक करत होतो आणि शिपायानं तार आणून दिली. म्हणजे तुझा सांगावा सगळ्यात आधी माझ्याचकडे आला. तुझ्या घरीसुद्धा मीच नेला.

आपण दोघं पोचलो जवळपास एकदमच. मी एसटीनं आणि तू ट्रकनं. बायकांचा आकांत चालू होता. मी नेहमीप्रमाणे पुढचं बघायला लागलो. खांद्याला जवळपासची माणसं होती, पण दहाव्याला गाव यायला हवं. माझ्याकडे ब्याण्णव पत्ते होते, वीस तुझ्याकडे. मी वहिनींपाशी बसलो.

“वहिनी, आत्ता विचारू नये, पण विचारतो. वही कुठं आहे?”

“कुठली वही, भाऊजी?”

“गावाची.”

वहिनींनी पदर तोंडावरून काढला. “त्यांनी सांगितलं न्हाई तुमाला? ती तर दोन वर्सं झाली, पुड्यांत गेली.”

मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतात. नव्हतं तसं. जत्रेचा दिवस होता, दुकानात गर्दी होती, पुड्या बांधायचे कागद संपले. तू गिऱ्हाइकाशी गप्पा मारत हात गल्ल्याखाली घातलास आणि जे लागलं ते फाडायला लागलास. भुईमुगाच्या शेंगा, हळद, चहाची पत्ती. लक्षात आलं तेव्हा वहीचे पुठ्ठे तेवढे राहिले होते. आपलं गाव दुसऱ्यांदा गेलं, ते छटाक-छटाक करून.

“मंग म्हनले,” वहिनी सांगत होत्या, “रामाला सांगू नगंस. त्यो मला जित्ता ठेवायचा न्हाई.”

मी वळून बघितलं. तू आत घोंगडीवर पडला होतास.

चोवीस कार्डं! माझेच बारा आकडे बघून खाली ‘जुळलं’ लिहिलेलं. तेही एक वेळ सोडलं असतं. पण मागल्या दिवाळीत तू लिहिलंस, ‘पाचवा गठ्ठा एकानं चुकतोय. बघून कळवतो.’ आणि आठवड्यानं, ‘माझीच चूक. आता जुळलं.’ मी ते कार्ड हेडमास्तरांना दाखवलं होतं रे. म्हणालो होतो, बघा साहेब, पद्धत कशी चालते ती. वही नाही, पान नाही, आणि तू माझ्या पद्धतीत खोटी चूक घालून दाखवलीस, मला संशय येऊ नये म्हणून! एवढं डोकं तू सरळ दोन शब्द लिहायला वापरलं असतंस तर? ‘वही गेली.’ तुझ्या कार्डाच्या अर्ध्या ओळीत बसले असते. मी तुला शिव्या दिल्या असत्या. एक दिवस. फार तर दोन. तिसऱ्या दिवशी नवी वही घेऊन एसटीत बसलो असतो.

पण नाही. तू काय केलंस? उन्हात निघालास. वीस घरं पायांनी गोळा करायला. सारोळ्याला गेलास, किकवीला गेलास, मग दौंडच्या बाजूला. एसटीतून उतरून माळावरून चालत. हे मला तुझ्या पिशवीवरून कळलं. तिच्यात पुडीच्याच कागदावर लिहिलेल्या सोळा चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर पानाचा क्रमांक घातलेला. पानांचे क्रमांक तुला पाठ होते हे मला तेव्हा कळलं. सोळावी चिठ्ठी त्र्याहत्तराव्या पानाची, सखूबाईंची. त्यांनी मला दहाव्याला सांगितलं, “पानी प्याला. इचारलं, आत्ये, घरात किती मानसं. म्या म्हनलं, सात. त्यानं लिवलं. मंग म्हनला, जरा टेकतो. आन् टेकला त्यो टेकलाच.”

चिठ्ठीवर ‘सात’ आहे. आकडा स्वच्छ आहे, हात हललेला नाही. मी बरंच बघितलं.

तर माझ्या दिरंगाईच्या कार्डानं तुला उन्हात पाठवलं, असं माझी बायको म्हणत नाही, पण तिच्या मनात आहे. माझ्याही आहे. तू मला भ्यालास, गणपत. डोंगरात बिबट्या समोर आला तेव्हा भ्याला नव्हतास आणि एका कारकुनाच्या बोलण्याला भ्यालास. माझी जीभ तिखट आहे हे मला मान्य आहे. पण म्हणून माणूस मरतं का? आणि चूक मोजायचीच तर माझी दुसरी एक आहे, ती तेव्हा माझ्याही लक्षात आली नव्हती. मी माझे आकडे आधी पाठवत होतो. ज्याला तपासायचं त्यालाच आधी उत्तर देत होतो. शाळेत गणिताच्या पेपराबरोबर उत्तरं वाटल्यासारखं. पाच वर्षं ही पद्धत चालवली आणि मला हे दिसलं नाही, कारण तू खोटं लिहिशील हे माझ्या हिशेबातच नव्हतं.

त्या संध्याकाळी तुझं सगळं उरकल्यावर मी तुझ्याच दुकानात गल्ल्यामागे बसलो आणि कार्डं लिहायला घेतली. विंझरच्या पोस्टात पुरेशी नव्हती, उरलेली दुसऱ्या दिवशी भोरहून. एकशे सहा घरांना. ब्याण्णव माझ्याकडची आणि सोळा तुझ्या चिठ्ठ्यांवरची, त्यातून तुझं नि माझं घर वगळून. आबांची काठी आठवली. पण कुणी हाक मारून बसवलं नव्हतं मला, आणि अंगणाबाहेरही बसलो नव्हतो. वहिनींनी चहा आणून ठेवला, तुझ्या कपात.

पहिलं कार्ड लिहून झालं आणि मी त्याचा कोपरा फाडला. तू जिंकलास. एकशे सहा कोपरे फाडले. गल्ल्यावर ढीग झाला होता.

चार घरं राहिली. सहासष्ट, एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी.

दहाव्याला गाव आलं. धरणानंतर एवढं गाव एका जागी मी बघितलं नव्हतं. तुमचे विधी चालले होते आणि मी नदीच्या काठावर उभा राहून वहीत खुणा करत होतो. वरच्या आळीचा कुणी तरी म्हणाला, “काय रामभाऊ, हजेरी घेता व्हय?” होय, हजेरीच घेत होतो. त्याण्णव घरं. तू असतास तर म्हणाला असतास, जेवनाचा अंदाज चुकला.

पंधरवड्यानं एकाहत्तर नंबर आला. तुझा लहानपणचा जोडीदार, किसन. बाजारात कुणाकडून तरी ऐकून थेट माझ्या शाळेत. टेबलावर हात आपटला.

“साऱ्या गावाला कार्डं गेली. म्या काय मेलो व्हतो? गणपाचं तोंडबी बघाया न्हाई घावलं, दहावाबी गेला!”

“तुमचं पान भिजलं होतं, किसनराव.”

“मंग दुसरी वही व्हती ना गणपाकडं? त्योच सांगायचा समद्यांना, दोन वह्या हायत, एक बुडली तर एक हाय म्हनून!”

इथं मी तुझा हिशेब चुकता करू शकलो असतो. शब्द तोंडात तयार होते. पुड्या, जत्रा, चोवीस कार्डं.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो.

किसन मला वाट्टेल ते बोलला. सगळं ऐकून घेतलं. मग पत्ता सांगा म्हणालो. सांगितला त्यानं, रडत रडत. तीन घरं राहिली. ती मी शोधीन. ते तू मला सांगायची गरज नाही. हा लेख छापून आल्यावर किसन तो वाचेल आणि त्याला खरं कळेल, तेही मला चालेल. मी खोटं एकदाच बोलू शकतो, चोवीस वेळा नाही.

आता वहिनींचं. दहाव्यानंतर मी जायला निघालो तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, तुमची वही ठेवून जा.”

“कशाला?”

“उतरवते. मी चौथी शिकलेय. दुकानात आता मीच हाय.”

माझी वही मी कुणाच्या हातात दिलेली नाही. आणि त्या दुकानात तर…! माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं. “पुड्याला नवे कागद आनलेत,” त्या म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो. वही ठेवून आलो. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आठव्या दिवशी जाऊन आणली. पानाला डाग नव्हता. निघताना त्यांनी मला दारात अडवलं.

“आनि एक. आता तुमी आदी आकडं धाडायचं न्हाई. एक तारखेला आमी आदी धाडनार. मंग तुमी तुमचं बघायचं.”

पाच वर्षं मला जे दिसलं नाही ते त्यांनी उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगितलं. तुमच्या घरात डोक्याची कमी कधीच नव्हती. खरं बोलायचीच तेवढी होती.

आज सकाळी त्यांचं पहिलं कार्ड आलं. अक्षर मोठं, बारा आकडे एकाखाली एक. ‘जुळलं’ वगैरे काही नाही. मी वही काढली. पहिला गठ्ठा बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा, त्यांचा दोनशे तीन, माझा दोनशे चार. बाकीचे नऊ बरोबर.

मला बरंच वाटलं, खरं सांगतो. म्हटलं, उतरवताना चुकल्या, पहिलीच वेळ आहे. पेन्सिल घेऊन तिसऱ्या गठ्ठ्याची दहा पानं उघडली आणि एकेक बेरीज करत गेलो. एकवीस, बावीस, तेवीस… माझ्याकडची पानं तर बरोबरच दिसत होती. सत्ताविसाव्या पानाशी थांबलो.

पान सत्तावीस. गणपत, मु. पो. विंझर. पत्ता बदल एक. घरात माणसं : सहा.

एकशे सहा कार्डं मी लिहिली. सोळा चिठ्ठ्या वहीत उतरवल्या. नदीवर हजेरी घेतली, किसनचा पत्ता भरून वहिनींनाही कळवला, सखूबाईंचे सातही भरले. आणि ही ओळ माझ्या वहीत सव्वा महिना तशीच होती. दुरुस्ती कळली त्याच दिवशी करायची, हा नियम माझा.

वहिनींनी त्यांच्या वहीत पाच लिहिलं आहे. स्वतःच्या हातानं, कुणी न सांगता, आणि मला तसं कळवलं.

मी ‘सहा’ खोडलं. वर ‘पाच’ लिहिलं. मग कार्ड घेतलं : ‘वहिनी, तिसरा गठ्ठा तुमचा बरोबर आहे. चूक माझ्याकडे होती. आता जुळलं.’

एवढं लिहून ते पुन्हा वाचलं. तुझाच शब्द, तुझ्याच जागी, कार्डाच्या शेवटी. आणि गणपत, दोन वर्षांत पहिल्यांदाच तो खरा आहे.